पारूबाईच्या हातातलं स्टूल

बसा की! उभ्यानं काय ऐकताय? मी स्टूल आहे, घडीचं, लोखंडी. बसल्याशिवाय माझी ओळख पटत नाही कुणाला. आज पहिल्यांदाच तोंड उघडतोय, तेव्हा जरा सवडीनं ऐका. व्याकरणवाल्यांनी मला नपुंसकलिंगात घातलंय म्हणे. घालू देत. कुपवाडच्या वर्कशॉपात जन्मलेल्याला असल्या गोष्टींशी काय देणंघेणं? मी आपला 'बोलतोय' असंच म्हणणार.

माणूस बोलताना खोटं बोलेल, पण बसताना त्याला ते जमत नाही. कुणी नुसतं टेकतं, कुणी आदळतं, कुणी बसता बसता "आई गं" म्हणतं. माझ्यावर सगळ्यात जास्त बसला तो जालिंदर. आणि ज्या बाईनं मला सगळ्यात जास्त उचललं, ती पारूबाई माझ्यावर आयुष्यात एकदाच बसली. मला सांगायचंय ते तिचंच.

माझा जन्म बिरदेवच्या हातचा. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं लहानसं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, जिने, असली कामं. तो आणि जालिंदर आधी एकाच कारखान्यात वेल्डर होते, शेजारी शेजारी उभं राहून अख्खी उमर काढलेली माणसं. जालिंदर रिटायर झाला आणि वर्षभरात त्याच्या छातीत कळ आली. तपासलं तर रक्तवाहिन्या तुंबलेल्या. बायपास करावी लागली.

ऑपरेशन होऊन तो घरी आल्यावर बिरदेव भेटायला गेला. तिथं त्याला कळलं, की डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, हळूहळू वाढवत न्यायचं, पण दम लागला की जागच्या जागी बसायचं.

"रस्त्यात कुटं बसणार ह्यो?" बिरदेव वर्कशॉपात येऊन एकटाच बडबडत होता. "गटाराच्या कट्ट्यावर?" आणि त्यानं एका गेटाच्या उरलेल्या पाइपा ओढल्या.

पातळ पाइप हाताशी होती. ती त्यानं बाजूला सारली. "जालिंदर बसणार हाय, उगं न्हाई," म्हणत जाड पाइप कापली. भोकं पाडली, सांधे जोडले, ग्राइंडर मारला. बसायला ट्रकच्या ताडपत्रीचा दुहेरी पट्टा ताणून बसवला. गेटाचा हिरवा ऑइलपेंट उरला होता, तो मला लावला. वाळल्यावर माझ्यावर स्वतः बसला, मग कामगाराला मांडीवर घेऊन बसला. मी हललो नाही. सगळे हसले. माझी छाती फुगली, काय सांगू!

मला वजन पेलतंय का, हे असं सगळ्यांनी तपासलं. माझं वजन कुणाला पेलायचंय, हे मात्र कुणाच्या ध्यानातच आलं नाही. प्रेमानं केलेल्या वस्तूचं असंच होतं बघा, करणारा हात आखडत नाही.

जालिंदरच्या घरी गेलो तेव्हा तो पलंगावर बसला होता. छातीवर उभा टाका, अंगात सैल सदरा. त्यानं माझ्या सांध्यांवरून बोट फिरवलं. "जोड झकास बसलाय, बिरद्या," एवढंच म्हणाला. उचलून बघायची सोय नव्हती, कारण छातीचं हाड कापून पुन्हा तारेनं बांधलेलं. ते जुळेपर्यंत भरली बादलीसुद्धा उचलायची नाही, अशी तंबी होती.

म्हणून मला उचललं पारूबाईनं. "अगं बाई! लय जड हाय की ओ ह्ये!"

"वैनी, टिकाऊ हाय," बिरदेव म्हणाला.

"ह्ये टिकंल ओ. मी टिकले म्हंजी झालं." आणि ती खळखळून हसली. पारूबाईचं हसणं तसं मोठं होतं, शेजारच्या घरात ऐकू जायचं.

चालण्याचे धडे द्यायला भाग्यश्री मॅडम यायच्या. सांगलीतल्याच, व्यायामाच्या डॉक्टर. आधी घरातल्या घरात, मग व्हरांडा, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, असं त्यांनी ठरवून दिलं. खोकला आला की उशी छातीशी कवटाळायची, हेही त्यांनीच शिकवलं. आणि एक गोष्ट त्यांनी दोन-दोनदा बजावली.

"काका, चालताना बोलायचं. बोलता येतंय तोवर तुमचा वेग बरोबर आहे. वाक्य मध्येच तुटायला लागलं, एका शब्दावर श्वास घ्यावा लागला, की समजायचं, हृदयाला जास्त होतंय. लगेच थांबायचं आणि बसायचं."

जालिंदर गोंधळला. "बोलायचं? कुणासंगं?"

"या काकू आहेत की!"

पारूबाईनं तोंडाला पदर लावला. "मॅडम, गोळ्या वाढवा, पथ्य वाढवा, पर ह्यांना बोलाया लावू नगा. जमायचं न्हाई त्यांना ते."

खरंच होतं ते. सगळी हयात हातोडे आणि ग्राइंडरच्या आवाजात गेलेली. कारखान्यात हातवाऱ्यांनी काम चालायचं, तीच सवय तो घरी घेऊन यायचा. पाणी हवं तर अंगठा तोंडाकडं, जेवायचं तर चार बोटं जुळवून. एवढा संसार झाला, मुलगी आम्रपाली शिकली, लग्न होऊन साताऱ्याला गेली, पण ह्या घरात वाक्यं बोलली ती पारूबाईनंच.

पहिल्या दिवशी गल्लीत निघालो. पुढं जालिंदर, एक पाऊल मागं पारूबाई, तिच्या हातात मी. जालिंदर घाबरलेला होता. पाऊल टाकायचा आणि छातीवर हात ठेवून बघायचा. बोलायचं काय, ते सुचेना. शेवटी त्यानं डोळ्यांसमोर दिसेल ते वाचायला सुरुवात केली.

"पंक्चर काढून मिळेल. येथे कचरा टाकू नये. पिठाची गिरणी, सोमवारी बंद."

"आवं, ह्ये काय बोलणं झालं?"

"मॅडमनी बोला म्हटलंय. काय बोला, ते कुटं सांगितलंय?"

पारूबाई एवढी हसली, की तिनंच मला खाली ठेवलं. मग जालिंदर माझ्यावर बसला, अगदी जपून, जसं काही मी काचेचा आहे. जिवाला भ्यालेला माणूस हलका बसतो. मला त्याची कीव आली. ह्या माणसाला पुन्हा दणकून बसता आलं पाहिजे, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

पाट्या पाच-सहा दिवसांत संपल्या. सगळी गल्ली पाठ झाली. मग एक दिवस त्यानं कारखान्यातली एक गंमत सांगितली. दुसऱ्या दिवशी आपल्या बापाची. आणि मग तुंबलेली मोरी मोकळी व्हावी तसा तो मोकळा झाला. पारूबाई मागून विचारायची, "मग काय झालं?" एवढं विचारलं, की गडी पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेलाच.

तिचं माहेर तासगावकडचं. लग्नाआधी ती बेदाण्याच्या शेडवर बेदाणा निवडायला जायची. तिला बघायला आलेल्या दिवसाची गोष्ट निघाली.

"तवा मी गपच बसलो हुतो," जालिंदर म्हणाला. "तुझ्या काकानं ईचारलं, पोरगी कशी वाटली? माझ्या तोंडातनं शबुदच फुटंना. एवढी आवडली हुतीस."

पारूबाई थांबली. "आवं, मला वाटलं, तुमाला मी पसंतच न्हवते. घरच्यांनी गळ्यात बांधली म्हणून केली."

"तसं कवा म्हणालो मी?"

"तुमी कवा कायच म्हणाला न्हाई."

तिचा हात माझ्या पाइपवर घट्ट आवळला होता. हसत होती, पण आवाज ओला होता.

आणखी थोड्या दिवसांनी त्यानं एक सांगितलं, ते मी विसरू म्हटलं तरी विसरता येणार नाही. आम्रपालीच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. जन्मला आणि आठवड्यात गेला. दुसऱ्याच दिवशी जालिंदर कामावर गेला होता. पारूबाईनं ते मनात ठेवलेलं होतं, बोलली कधी नव्हती.

"त्या दिवशी कामावर गेलो," जालिंदर पुढं बघत म्हणाला, "आन् तोंडावर काच घेतली. वेल्डिंगची काच. दिसभर काढलीच न्हाई. काचंच्या आत कोन रडतंय, कुणाला दिसतंय? बिरद्याला तेवढं कळलं हुतं. त्यानं माज्या वाटणीचं काम करून टाकलं."

पारूबाई रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पदरानं डोळे पुसले, पुन्हा पुसले. "मला वाटलं, तुमाला कायच वाटलं न्हाई," ती म्हणाली. "इतकी वर्सं मला तसंच वाटत आलं."

त्या दिवसानंतर सकाळी दारात आधी ती हजर असायची. चप्पल घालून, मला हातात घेऊन. जालिंदरला चालायचं असायचं, तिला ऐकायचं असायचं. त्याच्या हृदयासाठी लिहून दिलेलं औषध तिला लागू पडलं होतं. मला वाटतं, बाईच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते. आता म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

जालिंदरची तब्येत झपाट्यानं सुधारली. माझ्यावर बसणं कमी झालं. बसला तरी आता दणकून बसायचा. हाड जुळलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता वजन उचला, स्कूटर चालवा, काही हरकत नाही. त्या दिवशी त्यानं माझ्याकडं हात पुढं केलाही होता. "दे हिकडं."

"ऱ्हाऊ द्या," पारूबाई म्हणाली. "हात मोकळं असलं की तुमचं बोलणं रंगतंय."

ते खरं होतं. तो बोलताना हातवारे करायचा. आणि मग मी तिच्याच हातात राहिलो. पुन्हा ना त्यानं मागितलं, ना तिनं दिलं.

कधीतरी तो म्हणायचा, "जरा तू बस की." ती म्हणायची, "मी काय पेशंट हाय? मी बसले तर भाकरी कोण थापंल?" आणि उभीच राहायची. पेशंटच्या जागेवर बसलं, की पेशंट व्हावं लागतं, आणि घरात एका वेळी एकच पेशंट परवडतो, असा तिचा हिशोब होता. बहुतेक घरांत बायकांचा तोच असतो.

आता जे सांगतो, ते नीट ऐका. आधी पारूबाई त्याच्या प्रत्येक गोष्टीला फाटे फोडायची. "तसं न्हवतं, तवा तुमची आई जत्रंला गेलती," असं भांडायची. मग ती नुसतं "व्हय?" म्हणायला लागली. मग "हं." तिचं ते "मग काय झालं?" होतं ना, ते "मग काय?" झालं, आणि एके दिवशी नुसतं "मग..." राहिलं. पुढचे शब्द तिच्या घशात यायचे, पण त्यांना लागणारा वारा छातीत नसायचा.

मला कळत होतं. दुसऱ्या कुणाला कळणार? मी तिच्या हातात होतो. आधी ती मला एका हातात नेऊन आणायची. मग सारखी हात बदलायला लागली. चपलेचा पट्टा सरळ करायला थांबायची, तर पट्टा सरळच असायचा. कुणाच्या कुंपणावरची जास्वंद बघत उभी राहायची. मला उघडायच्या निमित्तानं दोन्ही हात माझ्यावर टेकून ओणवी व्हायची आणि तिच्या श्वासाची धडपड माझ्या पाइपांतून खाली जायची.

"काय गं?" जालिंदर पुढून विचारायचा.

"काय न्हाई. तुमी... बोला."

भाग्यश्री मॅडमनी सांगितलेली खूण रोज घडत होती हो! वाक्य तुटत होतं, एकेका शब्दावर श्वास घ्यावा लागत होता. पण ती खूण ज्या माणसासाठी सांगितली होती, त्याचं सगळं ठणठणीत होतं. तो अख्ख्या जत्रेचं वर्णन एका दमात करत होता. आणि बायको गप्प आहे, म्हणजे मन लावून ऐकतेय, असं त्याला वाटत होतं. त्याला तरी काय बोल लावू? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचं ऐकत होतं.

घरी आल्यावर ती ओवा चावायची. "पित्त झालंय" म्हणायची. पाठीत भरून यायचं, त्याला ती "उसण" म्हणायची. एकदा भाग्यश्री मॅडमनी विचारलंसुद्धा, "काकू, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?" पारूबाई म्हणाली. "ह्यांचं बघा."

ती का बोलली नाही, ते मला माहीत आहे. मला त्रास होतोय म्हटलं, की चालणं थांबणार. चालणं थांबलं, की बोलणं थांबणार. एवढ्या वर्षांनी उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं तर? तिला त्याची भीती वाटायची. स्वतःच्या छातीपेक्षा जास्त त्याची.

उन्हाळ्यात सांगली तापली, तेव्हा आम्रपालीनं दोघांना साताऱ्याला बोलावलं. ती तिथं शाळेत शिक्षिका आहे. जावईबापूंची नोकरी पुण्याला, ते शनिवारी येतात. मलाही एसटीत घातलं. सांगलीची सपाट गल्ली संपली आणि साताऱ्याचा चढ सुरू झाला.

आम्रपालीच्या घरापासून टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकाकडं जाणारी माणसं दिसायची. सकाळी सकाळी म्हातारेकोतारे, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली, सगळे वर चढत असायचे. जालिंदरच्या अंगात वारं शिरलं. "मी बी जाणार." त्यानं भाग्यश्री मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, जा, पण हळूहळू वाढवा, आणि बोलत चढा.

आम्रपाली आईला म्हणाली, "ते स्टूल राहू दे ना घरी. वाटेत बसायला कट्टे आहेत."

"दम काय कट्टा बघून लागतोय व्हय गं?" पारूबाई म्हणाली. आणि मला उचललं.

पहिले काही दिवस आम्ही थोड्या अंतरावरून परत फिरलो. मग जालिंदरची भीड चेपली. त्या दिवशी तो म्हणाला, "आज वरपतूर जायाचं." हवा छान होती. तो दोन पावलं पुढं, आम्ही मागं. त्यानं महाबळेश्वरची गोष्ट काढली होती. तिला महाबळेश्वर दाखवीन, असं तो लग्नानंतर एकदा बोलला होता. मग कारखान्याची सहल गेली, तो मित्रांबरोबर जाऊन आला, ती घरीच राहिली.

"ते माझ्या मनाला लय लागून हाय," तो म्हणत होता. "आता पाऊस सुरू व्हायच्या आत जाऊ. हितनं काय लांब हाय? आम्रपालीला बी घिऊ. घोड्यावर बसवतो तुला. घाबरू नगंस, मी लगाम धरीन."

"हं," पारूबाई म्हणाली.

तेवढंच. मग तिनं मला जमिनीवर ठेवलं आणि उघडलं. माझा सांधा उघडताना खटकन वाजतो. तो आवाज जालिंदरला पुढं ऐकू गेला.

"नगं नगं, मला दम न्हाई लागला," मागं न बघता तो हात हलवत म्हणाला. "चल."

आणि पारूबाई माझ्यावर बसली.

पहिल्यांदाच. आधी हातानं चाचपलं आणि मग सगळी एकदम खाली आली. एवढ्या मोठ्यानं हसणाऱ्या बाईचं वजन किती कमी होतं! तिचा तळहात माझ्या पाइपवर होता. घामानं ओला आणि थंड. ती समोर बघत होती. तो हातवारे करत चढत होता, घोड्याबद्दल बोलत होता, आणि तिला त्याला हाक मारायची होती. तिचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. मी जाड पाइपचा, हत्ती बसला तरी न हलणारा, ठार मुका, तिच्याखाली नुसता उभा राहिलो. एवढा जीव तळमळला माझा, पण लोखंडाची तळमळ कुणाला दिसणार?

तो वळणाजवळ पोहोचला आणि तिथून मोठ्यानं विचारलं, "घोड्यावर बसाया लुगडं कोणतं नेसशील?"

ह्या प्रश्नाला "हं" म्हणून भागत नाही. उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं वळून बघितलं.

पळत आला बिचारा. बायपास झालेला माणूस, उतारावरून पळत आला. त्याच्या काळजानं त्याला पुरेपूर साथ दिली. "पारू, अगं पारू" करत त्यानं तिला धरलं. वर जाणारी माणसं जमली. कुणीतरी गाडी आणली. तिला मागच्या सीटवर आडवं घेतलं आणि एका भल्या माणसानं मलाही डिकीत टाकलं.

दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेर बसायला जागा नव्हती. जालिंदर माझ्यावर बसला. आम्रपाली धावत आली, ती भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, झटका मोठा आहे, आणि त्रास आजचा दिसत नाही, आधीपासूनचा आहे. त्यांनी विचारलं, "आधी कधी धाप लागायची? छातीत, पाठीत दुखायचं? काही तक्रार?"

"न्हाई," जालिंदर म्हणाला. "कवा बोलली न्हाई."

हे बोलला मात्र, एकदम त्याचा सगळा भार माझ्यावर आला. सदऱ्याच्या आत काय चाललं असेल ते असो, पण त्याला त्या क्षणी सगळं कळलं होतं. ते "व्हय", ते "हं", ते अर्धं तुटलेलं "मग..." एकामागून एक त्याला ऐकू येत असणार.

बऱ्याच वेळानं तो आम्रपालीला म्हणाला, "मीच बोलत हुतो गं. तिला बोलाया जागाच ठिवली न्हाई मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी पारूबाई गेली.

तिला सांगलीला नेलं. माणसं जमली, जय भीम करून बसली. त्रिशरण, पंचशील झालं. काही दिवसांनी तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी होता, त्या दिवशी बिरदेव सकाळपासून राबत होता. सतरंजी घालायला जागा करावी म्हणून त्यानं मला उचललं, आणि मला हातात धरून तसाच उभा राहिला.

"जालिंदरा," तो म्हणाला, "ह्ये वैनी रोज घिऊन फिरायची?"

जालिंदरनं त्याच्या हातातून मला घेतलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझं वजन त्याच्या हाताला कळलं. आयुष्यभर लोखंडात काम केलेला माणूस. पाइप नुसती बघून तिचं वजन सांगणारा. त्यानं मला खाली ठेवलंच नाही. उराशी धरून उभा राहिला. बिरदेव "माझंच चुकलं गड्या, पातळ पाइप हुती की" म्हणत लहान मुलासारखा रडायला लागला, तेव्हा जालिंदरच त्याची समजूत काढत होता.

आता आम्ही साताऱ्यालाच असतो. जालिंदर एकटा राहायला नको म्हणून आम्रपालीनं त्याला परत जाऊ दिलं नाही. मध्यंतरी तपासणीला सांगलीला गेलो. भाग्यश्री मॅडम म्हणाल्या, "काका, हृदय छान चाललंय. पण तुम्ही चालणं सोडलंत असं ऐकते."

"चालायचं म्हंजी बोलायचं," जालिंदर म्हणाला. "आता कुणासंगं बोलू?"

 मॅडमनी उगीचच त्याचा रक्तदाब पुन्हा मोजला.

मग आम्रपालीनंच मनावर घेतलं. शाळेतून आल्यावर चहा घेते आणि बापाला बाहेर काढते. तो मला स्वतःच्या हातात घेतो. माझी त्याला गरज नाही, माझ्यावर तो बसतही नाही. ती कितीदा म्हणाली, "बाबा, हे ओझं कशाला?"  तो मुलीला पुढं चालायला लावतो, आपण मागं. आणि तिला सारखं विचारत राहतो. आज शाळेत काय शिकवलंस, कसं शिकवलंस, डब्यात काय नेलं होतंस, कुणाशी बोललीस. ती सांगते आणि तो मान तिरकी करून ऐकतो. शब्द ऐकत नाही. त्यांच्या मधला श्वास ऐकतो.

माझा हिरवा रंग आता उडालाय, सांध्यांना गंज धरलाय. ताडपत्री मात्र अजून ताठ आहे. माझ्यावर बसून एवढं सगळं ऐकलंत, म्हणून एक मागतो. तुमच्या मागून कुणी चालत असेल, तुमचं ओझं धरून, तुमचं ऐकत, तर कधीतरी मागं वळून बघा. आणि त्या माणसाला असं काहीतरी विचारा, की ज्याला नुसतं "हं" म्हणून भागणार नाही. मला दुसरं काही नको.

परवाचीच गोष्ट सांगून गप्प बसतो. संध्याकाळी चढावर होतो. आम्रपालीला मोबाइलवर कुणाचा तरी निरोप आला होता, ती चालता चालता तो वाचत होती. जालिंदरनं मागून काहीतरी विचारलं. तिनं वर न बघता म्हटलं, "हं."

जालिंदर जागच्या जागी थांबला. मी त्याच्या हातून सुटून रस्त्यावर आपटलो.

"हं म्हणू नगंस," तो म्हणाला.  "तोंडानं बोल."

"अहो बाबा, ऐकतेय ना मी!"

"ऐकतीस ते कळलं. बोल. एक सबंध वाक्य बोल, मधी न थांबता."

आम्रपालीनं मोबाइल खाली घेतला. बापाच्या तोंडाकडं बघत राहिली. ती मास्तरीण आहे, एरवी बोलते ती पुस्तकातल्यासारखी शुद्ध. पण त्या वेळी तिच्या तोंडून आईची बोली बाहेर पडली.

"मला आईची लय आठवण येती, बाबा."

जालिंदर "हं" म्हणणार होता. मी खालून बघत होतो, ओठांवर आलंच होतं. त्यानं ते गिळलं आणि म्हणाला, "मला बी येती, लेकी. रोज येती. आन् मी तिला काय त्रास हुतोय का, ह्ये एकदा बी ईचारलं न्हाई."